सव्वीस ते चौतीस

१

"मॅडम, रजिस्टर गेलं," असं म्हणून गीतांजली फोनवर जी रडायला लागली ती थांबेचना.

मला रडणाऱ्या माणसाशी बोलायची सवय नाही. छत्तीस वर्षं मी नांदेडच्या दवाखान्यात रक्त तपासत बसले. रक्ताचं बरं असतं, ते विचारलं तेवढंच सांगतं. "आधी नाक पूस," मी म्हटलं, "मग पहिल्यापासून सांग."

गीतांजली किनवटकडची पोर. आश्रमशाळेच्या वसतिगृहात शिकली, नर्स झाली, घरात पगार आणणारी पहिलीच. माझ्याकडं महिनाभर लॅब शिकायला होती. सुई इतकी हलक्या हातानं टोचायची की म्हातारे लोक रांग सोडून तिच्याकडं जायचे. आता ती जळकोटजवळच्या वडधरा गावात होती.

तिथं बीपीच्या चौतीस माणसांना ती दीड वर्षं गोळ्या देत होती. लातूरच्या डॉक्टर वीरभद्रांनी त्यावर एक अभ्यास काढला होता. बीपी आतल्या आत किडनी पोखरायला लागतं तेव्हा माणसाला काही म्हणजे काही कळत नाही. कळतं तेव्हा वेळ गेलेली असते. म्हणून रक्तात आधी कुठल्या खुणा दिसतात ते बघायचं, आणि त्यासाठी दर सहा महिन्यांनी गावात शिबिर भरवून चौतीस जणांचं रक्त घ्यायचं.

या माघातलं रक्त तपासून आलं आणि नऊ माणसांचं क्रिएटिनिन एकदम वर गेलेलं निघालं. सहा महिन्यांपूर्वी एकच्या आसपास होतं, आता दीडच्या घरात. क्रिएटिनिन वाढलं की किडनी दमली, एवढं आता खेड्यातल्या माणसालाही ठाऊक झालंय. गावात बोंबाबोंब झाली. गोळ्यांनी किडन्या खाल्ल्या म्हणून लोकांनी गोळ्यांची पाकिटं उकिरड्यावर फेकली. दुसऱ्याच दिवशी शिबिराचं रजिस्टर गायब झालं, आणि आपलं पाप झाकायला या नर्सनंच ते पळवलं, अशी तक्रार तालुक्याला गेली.

"शुक्रवारी साहेब येऊन राहिलेत," ती म्हणाली. "गावासमोर चौकशी. मला घरी पाठवणार, मॅडम. पुढं कुणी मला सुईला हात लावू देणार नाही."

"त्या नऊ जणांचं रक्त परत घे की."

"देत नाहीत. सुई दिसली की काठी उगारतात."

त्या दिवशी मंगळवार होता. विष्णुपुरीच्या घराला कुलूप लावलं, बीपीची गोळी पर्समध्ये टाकली आणि बुधवारी पहाटेच्या मुखेडच्या गाडीत बसले.

२

वडधऱ्याच्या शाळेत एक खोली, एक टेबल, एक लोखंडी कपाट. शिबिर इथंच झालं होतं. शेजारी मारुतीचं देऊळ, त्याच्यापुढं मोकळं मैदान. शिबिराच्या वेळी त्या मैदानात हरिनाम सप्त्याचा मांडव होता.

"सप्त्यातच का ठेवलंस शिबिर?" मी विचारलं.

"सगळं गाव जागेवर सापडतं ना. एरवी कुणी रानात, कुणी उदगीरला. सहाव्या दिवशी ठेवलं. अकरा ते दोन."

रिपोर्ट माझ्यापुढं होता. त्यात नावं होती आणि लॅबचे उलटसुलट कोड होते. कोण कधी आलं, कितवं आलं, यातलं काही त्यात नव्हतं. ते फक्त रजिस्टरात.

"क्रम आठवतो?"

"नाही हो. मी मान खाली घालून रक्त काढत होते. लिहायला लखन होता."

"काय काय लिहायचं होतं?"

"नंबर, नाव, बीपी, गोळ्या घेतल्या का, आणि शेवटचं जेवण किती वाजता, काय खाल्लं. उपाशी यायचं बंधन नव्हतं, पण खाल्लेलं लिहायचं असा डॉक्टरांचा नियम आहे."

लखन म्हणजे शाळेचा शिपाई. तिशीचा, अंगानं आडवा, आणि मला बघताच बोबडी वळलेला. कपाटाची किल्ली त्याच्याकडंच असते.

"लखन, रजिस्टर कुठं गेलं?"

"मला न्हाई मालूम, बाई."

"किल्ली कुणाला दिली होती?"

"कुणालाच न्हाई."

"मग कपाट फोडलं?"

तो पायाच्या अंगठ्याकडं बघत राहिला. खोटं बोलणाऱ्या माणसाचा मला राग येतो, पण हा खोटं बोलत नव्हता, घाबरला होता. दोन्हींत फरक असतो. मी त्याला जाऊ दिलं.

पायरीवर एक म्हातारी बसली होती. काडी झालेली, छत्तीस किलोही भरली नसती. मला बघून उठली.

"तुमीच का नांदेडच्या तपासणीवाल्या? मग माझा बोकड बी शोधा."

"गुणाबाई, जा ना आता," गीतांजली हळूच म्हणाली. मग मला सांगितलं, "यांचाही बीपी आहे. रिपोर्ट एकदम चांगला आलाय. क्रिएटिनिन नुसतं शून्य पॉइंट सात."

"तर!" गुणाबाई म्हणाली. "गावात माझी किडनी एक नंबर हाय म्हणत्यात. ते जाऊ द्या. माझा सोन्या गेला, त्याचं काय? त्याची माय मेली तवापासून बाटलीनं दूध पाजून वाढीवला व्हता म्या. समदे म्हणत्यात लांडग्यानं नेला. आता मला सांगा, त्याच्या गळ्यातला घुंगराचा पट्टा दावणीच्या खुंटीला अडकवलेला हाय. गाठ सोडून. लांडगा गाठ सोडतो का?"

"कधी गेला?"

"ह्या पोरीनं रक्त घेतलं ना, त्याच दिशी सकाळी."

मी तिला म्हटलं, बघते. खरं सांगायचं तर तेव्हा बोकडाकडं माझं लक्ष नव्हतं. माझ्या डोक्यात नऊ किडन्या होत्या.

३

आधी गोळ्या. चौतीस जणांना एकाच पेटीतल्या, एकाच कंपनीच्या गोळ्या. त्यांत वीस बाया आणि चौदा पुरुष. गोळ्यांनी किडनी जात असेल तर बायांची का गेली नाही? वाढलेले नऊच्या नऊ पुरुष होते. गोळीला बाई-बुवा कळत नाही. पाणीही सगळ्यांचं एकच, ग्रामपंचायतीच्या फिल्टरचं.

मग मी बालाजीकडं गेले. त्याचं औषधाचं दुकान, आणि दुकानामागं पडदा लावून तो गुपचूप इंजेक्शनंही टोचतो. गोळ्या फुकट मिळायला लागल्यापासून त्याचं गिऱ्हाईक तुटलं होतं, आणि गीतांजलीवर सगळ्यात जास्त तोंड तोच टाकत होता.

"दुखण्याच्या गोळ्या किती विकतोस, बालाजी?"

"विकतो की. लोकायचे गुडघे दुखत्यात, मी काय करू?"

"त्यांनी किडनीची वाट लागते, ठाऊक आहे ना?"

"त्या नऊ जणांतले दोघंच माझ्याकडून नेत्यात, बाई. बाकीच्यांना विचारा." मग वही काढून माझ्यापुढं आपटली. "बघा. सगळ्यात जास्त तर ती गुणाबाई नेती. रोजच्या दोन. तिला काय झालं? तिचं तर लई भारी आलंय म्हणत्यात."

वहीत खरंच तसंच होतं. बालाजीला चार शब्द सुनावले, पण नऊ माणसांचं कोडं त्याच्या दुकानात सुटणारं नव्हतं.

तिथून हरिओमच्या घरी. पंचेचाळिशीचा गडी, ओढ्याकाठी शेत, नऊ जणांतला एक. तो अंथरुणात तोंडावर पांघरूण घेऊन पडला होता. डायलिसिस होणार या भीतीनं त्यानं चार दिवस अंथरूण सोडलं नव्हतं. बोलायला तयार नव्हता. त्याची बायको पुनम बोलली.

"शिबिराच्या दिवशीच मला कळलं व्हतं, ताई," ती डोळे पुसत म्हणाली. "दुपारी मांडवात महाप्रसादाच्या पंगतीला बसवलं तर ताटावरून उठले. म्हणले, पोट भरलंय. तवाच भूक मेली हो त्यांची. किडनीचंच असंल ते."

"सकाळी घरून काय खाऊन गेले होते?"

"घरून कशाचं? सप्त्याचे सात दिवस गावात चूल पेटत न्हाई. समद्यांचं जेवण मांडवातच. सकाळचा चहासुदिक मांडवातला."

पांघरुणाखाली हरिओम एकदम खोकला. मी तिकडं बघितलं तर खोकला थांबला.

४

भगवानरावांना मी शेवटी ठेवलं होतं, कारण तक्रारीवर पहिली सही त्यांची होती. पंधरा वर्षं सरपंच, आता सप्त्याच्या कमिटीचे अध्यक्ष. पांढरंशुभ्र धोतर, कपाळी गंध, ओसरीवर बैठक. तेही नऊ जणांतले.

वाटेत गुणाबाई परत भेटलीच. बोकडाचं विचारलं, मग माझ्याबरोबर चालता चालता गावाच्या चहाड्या सांगितल्या. "भगवानरावाकडं निघाल्या? जपून ऱ्हावा. लई सोवळा मानूस. त्या दिशी पहाटं काकड्याला न्हाऊन आलता, आन दुपारी एकला बघते तर परत डोक्यावरून पाणी निथळायलंय. माघाची थंडी, आन दोनदा आंगूळ! म्हनूनच बीपी चढतं."

भगवानरावांनी मला बिनसाखरेचा चहा मागवला. बोलणं अदबीचं, पण आवाजाखाली भीती होती, ती मला ऐकू आली. खरंच मरणाला भ्यायलेला माणूस होता तो.

"बाई, माझं त्या पोरीशी वाकडं न्हाई," ते म्हणाले. "पण मानसं मरायला लागली तर गप बसू का? सव्वीसपासून चौतीसपर्यंत, एका ओळीनं नऊ मानसं आडवी केली तिनं. मी सोता एकोणतीस. मला दोन नातवंडं हायत. माझ्या भावाला डायलिसिसवर लातूरला जाता-येता मेलेला बघितलाय म्या."

"वाईट झालं," मी म्हटलं, आणि मनापासून म्हटलं.

"आन रजिस्टर तिनंच फाडलं असंल. दुसरं कोन फाडनार?"

"खरंय," मी म्हटलं. चहा पिऊन कप खाली ठेवला.

शाळेत आल्यावर गीतांजलीला दार लावायला सांगितलं.

"तुझ्या शिबिरात नंबराची चिठ्ठी देत होतीस का लोकांना?"

"नाही. नंबर फक्त रजिस्टरात."

"रिपोर्टवर तर नाहीतच. मग भगवानरावांना आपला नंबर एकोणतीस आहे हे कुणी सांगितलं? बाकीच्या आठांचे नंबर कुणी सांगितले? कोणत्या नवांचं वाढलं हे कळल्यावर रजिस्टर उघडून ओळ मोजल्याशिवाय ते कळणारच नाही."

"म्हणजे रजिस्टर..."

"त्यांच्याकडं आहे. आता ओरडू नकोस. माणूस मरणाला घाबरलाय, तरीही स्वतःच्या आजाराचा कागद लपवून बसलाय. का? ते कळल्याशिवाय रजिस्टर मागून उपयोग नाही. आणि एक गोष्ट त्यांनी मला फुकटात दिली. नऊ जण एका ओळीनं आले. सगळ्यात शेवटी, एकत्र."

मी लातूरला फोन लावला.

५

"मंजुश्रीताई, ते नमुने वर्षअखेरीला लावायचेत," डॉक्टर वीरभद्र कुरकुरले. "तपासणीचा संच एकदा उघडला की सगळा वापरावा लागतो. महाग आहे हो."

मी मागत होते ती तपासणी म्हणजे सिस्टॅटिन-सी. नाव अवघड आहे, काम सोपं आहे. क्रिएटिनिन हा स्नायूंचा कचरा. रोज निघतो, किडनी गाळून टाकते. पण स्नायू कमी-जास्त असले की तोही कमी-जास्त होतो. सिस्टॅटिन शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीतून थोडं थोडं निघतं. माणूस पैलवान असो की काडी, त्याला फारसा फरक पडत नाही. ते रक्तात साचलं तर समजायचं, गाळणीच खराब व्हायला लागलीय. अभ्यासासाठी प्रत्येकाच्या रक्ताची एक जादा बाटली लातूरच्या फ्रीजरमध्ये गोठवून ठेवली होती.

"डॉक्टर," मी म्हटलं, "नर्स गेली तर तुमचा अभ्यासही गेला. गावानं गोळ्या फेकल्यात. वर्षअखेरीला कुणाला पक्षाघात होईल त्याचं रक्त मोजणार का?"

पलीकडं कागद चाळल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "उद्या लावतो."

गुरुवारी संध्याकाळी पाचला फोन आला. मी शाळेच्या पायरीवर होते.

"नवाच्या नवांचं सिस्टॅटिन नॉर्मल," वीरभद्र म्हणाले. "किडन्या ठणठणीत आहेत. मग क्रिएटिनिन का वाढलं? मशीनमध्ये चूक म्हणावी तर बाकी पंचवीस बरोबर आहेत."

किडनी ठीक आणि क्रिएटिनिन जास्त. म्हणजे ते आत साचलेलं नव्हतं. बाहेरून आलेलं होतं. आणि क्रिएटिनिन बाहेरून पोटात यायचा रस्ता, लॅबमध्ये हयात घालवलेल्या बाईला, एकच आठवतो. मी कपाळावर हात मारून घेतला. पोट भरलेला हरिओम, दोनदा अंघोळ केलेले भगवानराव, खुंटीला अडकवलेला घुंगराचा पट्टा. सगळं दोन दिवस माझ्या नाकासमोर होतं.

"ताई, ऐकताय ना? आणखी एक आहे," वीरभद्रांचा आवाज बदलला. "त्या नऊ जणांत नाही, असं एक नाव निघालंय. आकडा चांगलाच वर आहे. एक पॉइंट सहा."

त्यांनी नाव सांगितलं. मी दोनदा विचारलं, आणि दोन्ही वेळा तेच नाव आलं.

६

शुक्रवारी मारुतीच्या पारावर अख्खं गाव जमलं. तालुक्याचे साहेब खुर्चीवर. गीतांजली एका बाजूला उभी, ओठ दाताखाली दाबून. समोर नऊ जण ओळीनं बसलेले, हरिओमला दोघांनी धरून आणलेलं.

"साहेब, मला दहा मिनिटं द्या," मी म्हटलं आणि त्यांनी हो म्हणायच्या आत उभी राहिले. वय झालं की तेवढं चालतं.

"आधी चांगली बातमी. भगवानराव, हरिओम, सटवाजी, तुम्ही नऊच्या नऊ जण, तुमच्या किडन्यांना काहीही झालेलं नाही."

गलका उठला. मी हात वर केला.

"दुसऱ्या तपासणीत तुम्ही ठणठणीत आहात. बालाजीच्या गोळ्यांनी किडनी गेली असती तर दोन्ही आकडे वाढले असते. गीतांजलीच्या गोळ्यांनी गेली असती तरी दोन्ही वाढले असते. तुमचा एकच वाढला. तो का वाढला, ते सांगते. ते क्रिएटिनिन तुमच्या अंगात तयारच झालं नाही. तुम्ही ते खाल्लंत. खाऊन दोन-तीन तासांत रक्त द्यायला आलात."

"क्रिएटिनिन कुठं खात्यात का?" साहेबांनी विचारलं.

"खातात, साहेब. एक पदार्थ आहे. चांगला उकळला, रस्सा केला, आणि तो रस्सा वाट्याच्या वाट्या प्यायला, की काही तास रक्तातलं क्रिएटिनिन वाढलेलं दिसतं. दुसऱ्या दिवशी आपोआप उतरतं. सिस्टॅटिनला मात्र त्या पदार्थानं काही होत नाही. आता ऐका. गावात सात दिवस चूल पेटली नाही. तरी हरिओम महाप्रसादाच्या ताटावरून पोट भरलंय म्हणून उठला. भगवानरावांनी पहाटे अंघोळ केली, आणि दुपारी एकला पुन्हा डोक्यावरून पाणी घेतलं, कारण असं काही खाऊन मांडवात पाऊल ठेवायचं त्यांच्या मनाला पटेना. नऊ जण एकत्र कुठूनतरी आले आणि ओळीनं रक्त देऊन गेले. काय खाल्लं ते मला सांगायचं नाही. त्यांनीच सांगावं."

भगवानरावांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. हरिओम बायकोकडं बघत नव्हता.

तेवढ्यात सटवाजी उठले. सत्तरीचे, साधे, कुणाच्या अध्यात ना मध्यात. "मटन!" ते खणखणीत आवाजात म्हणाले. "मटन खाल्लं. हरिओमच्या शेतात, धाच्या सुमाराला. म्या तवाच सांगितलं व्हतं की! ह्या लखननं इचारलं, शेवटचं काय खाल्लं, म्या म्हनलं मटन. लिहूनबी घेतलं त्यानं. आता डॉक्टरला खोटं कसं सांगावं?"

असा हशा पिकला की साहेबांनाही तोंड फिरवावं लागलं. बायांच्या बाजूनं कुणीतरी ओरडलं, "आन आमाला सात दिवस कांदाबी खाऊ दिला न्हाई!" पुनमनं हरिओमकडं असं बघितलं की डायलिसिस त्याला बरं वाटलं असेल.

भगवानराव उठले. देवळात गेले. सप्त्याची लाकडी पेटी असते, टाळ आणि ग्रंथ ठेवायची, तिची किल्ली त्यांच्या जानव्याला नव्हे, करगोट्याला बांधलेली असते. पेटीतून रजिस्टर आणलं आणि गीतांजलीच्या हातात दिलं.

"लखनचा दोष न्हाई. त्याला म्या दम दिला व्हता," ते म्हणाले. "फाडनार व्हतो. पण सरकारी कागद फाडायला हात धजला न्हाई. तेहेतीस नंबरला सटवाजीचं मटन लिहिलेलं. साहेब समद्यांसमोर वाचतील, आन सप्त्याच्या अध्यक्षानं सप्त्यात... गोळ्यांनीच किडनी गेली असं मला खरंच वाटलं व्हतं, बाई. मटनानं असं व्हतं हे मला काय मालूम?"

"किडनी गेली तरी चालेल, पण मटण कळू नये," मी म्हटलं. मला राग आला होता, तो मी लपवला नाही. "त्यापायी एका पोरीचं आयुष्य बरबाद करायला निघालात. आणि गावानं गोळ्या फेकल्या त्या निराळ्याच."

भगवानरावांनी गीतांजलीपुढं हात जोडले. तिनं ते पटकन धरून खाली केले. एवढ्या वयाच्या माणसानं तिच्यापुढं हात जोडावेत हे तिला सोसलं नाही. मग मात्र ती रडली, आणि या वेळी मी तिला नाक पूस म्हटलं नाही.

७

"मटन कशाचं?"

आवाज गुणाबाईचा होता. ती पुढं आली. कुणी हसेना.

"म्या इचारते, मटन कशाचं व्हतं? सप्त्यात जळकोटला खाटीक बी बंद व्हता."

नवांपैकी आठ जण हरिओमकडं बघायला लागले. "तू तर म्हनला, मुखेडच्या बाजारातून आनलाय," भगवानराव हळू म्हणाले. हरिओमची मान छातीला टेकली. गाठ सोडून पट्टा खुंटीला लावणारा लांडगा गावाला सापडला.

गुणाबाई ओरडली नाही. पदर तोंडाला लावून खाली बसली. "सोन्या म्हनलं की पळत यायचा," एवढंच म्हणाली. भगवानरावांनी तोंडावर हात धरला. आपण काय खाल्लं ते त्यांना आत्ता कळलं होतं.

मी तिच्याशेजारी पारावर बसले. मला जे सांगायचं होतं ते अशा वेळी सांगू नये, पण सांगितल्याशिवाय गत्यंतर नव्हतं.

"गुणाबाई, तुमच्या किडनीचं बोलायचंय."

"एक नंबर हाय ना ती?"

"नाही. तुमच्या अंगावर मांस नाही, म्हणून क्रिएटिनिन कमी येतं. कचरा निघायला स्नायू तर पाहिजेत! त्या आकड्यानं आपल्याला फसवलं. दुसऱ्या तपासणीत चौतीस जणांत एकच किडनी बिघडायला लागलेली दिसतेय, ती तुमची. बीपी आहेच, वर बालाजीच्या रोज दोन गोळ्या. पण अजून सुरुवात आहे. आत्ता धरलं तर आवरता येईल."

तिनं बोटं मोजल्यासारखं करत विचारलं, "हे दुसरं तपासनं कधी व्हनार व्हतं?"

"वर्षअखेरीला. या नऊ जणांचा घोळ झाला म्हणून आत्ता झालं."

"म्हंजी माझ्या सोन्यामुळं."

"हो," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते?

"तरीबी बोकड माझा व्हता," गुणाबाई म्हणाली, आणि हरिओमकडं बोट केलं. "मला तसाच पाहिजे. कानावर पांढरा ठिपकावाला."

शनिवारी भगवानरावांनी स्वतः जीप काढून तिला लातूरला वीरभद्रांकडं नेलं. लघवी तपासली, थायरॉइडनंही सिस्टॅटिन चढतं म्हणून तेही तपासलं, पण किडनीचंच निघालं. बीपीची गोळी बदलली, दुखण्याच्या गोळ्या बंद झाल्या, गुडघ्याला शेकायचं ठरलं. पुढच्या प्रत्येक खेपेला नऊ जणांनी पाळी लावून तिला नेलं. बालाजीच्या दुकानामागचा पडदा साहेबांनी त्याच आठवड्यात उतरवला. नऊ जणांनी निमूट पुन्हा रक्त दिलं, आणि सगळ्यांचं क्रिएटिनिन जिथं होतं तिथं आलं.

सहा महिन्यांनी पुढचं शिबिर होतं. मला काही काम नव्हतं, तरी गेले. गुणाबाई पहिल्या नंबरला. तिचं सिस्टॅटिन एक पॉइंट सहाचं एक पॉइंट चारवर आलं, ते मला नंतर कळलं. त्या दिवशी ती नुसती ऐटीत बसली होती. शाळेच्या दारात एक करडू बांधलेलं, कानावर पांढरा ठिपका, गळ्यात घुंगराचा तोच पट्टा.

आता रजिस्टर गीतांजली स्वतः लिहिते. भगवानरावांची पाळी आली तेव्हा तिनं मान वर न करता विचारलं, "शेवटचं जेवण?"

"वरन-भात," भगवानराव सगळ्या वऱ्हांड्याला ऐकू जाईल असं म्हणाले. "खोटं वाटत असंल तर बाहेर बघून या. गुणाबाईचा बोकड दारातच बांधलेला हाय."

गीतांजलीनं उठून खरंच बाहेर बघितलं, आणि मग लिहून घेतलं.